तेलाचं वजन

“तेलाचं कायचं वजन मोजून राह्यली ही पोट्टी? तेल तं मशीनच्या पोटातच असते ना! माणसाचं वजन करताना पोटातलं पानी कोनी वेगळं मोजते काय?”

मी प्रेसच्या मागे, टाकीच्या तोंडाशी वाकून उभी होते, त्यामुळे बोलणाऱ्या हमालाला मी दिसत नव्हते. त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाने उत्तर दिलं, तेही मला ऐकू आलं.

“मोजू दे गा. तिचं काम ते करून राह्यली. तू तुह्यं कर.”

हे रहीम मिस्त्री. केळापूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात प्रेस चालवणारे. त्यांची-माझी ओळख तेव्हा फक्त एका नमस्काराएवढी होती. मी टाकीतली काठी वर काढली, तेलाची खूण कुठपर्यंत आली ते पाहिलं, आणि पुढे येण्याआधी मुद्दाम काठी पत्र्यावर वाजवली. दोघांना ओशाळं वाटू नये म्हणून. खरं तर मलाच वाटू नये म्हणून.

“क्रेनच्या धंद्यातली बाई” असं काहीतरी लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं. पण बाई असण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. लोक पहिल्या दिवशी बघतात, दुसऱ्या दिवशी चहा विचारतात, तिसऱ्या दिवशी विसरून जातात. सांगण्यासारखं आहे ते तेलाबद्दल.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. यवतमाळात भोयर काकांचा अवजड यंत्रं हलवण्याचा धंदा होता. दोन क्रेन, दोन ट्रेलर, दोर-साखळ्यांची एक खोली. मी डिप्लोमा करून त्यांच्याकडे लागले ती जिल्ह्यातले जिन एकामागून एक बंद पडत होते त्या वर्षांत. कापूस कमी यायचा, आलेला भावात अडायचा, आणि उरलेला सरळ बाहेरच्या मोठ्या जिनांत जायचा. इथले कारखाने आधी दोन पाळ्यांवरून एकीवर आले, मग हंगामातले काही आठवडेच चालायला लागले, मग फाटकाला कुलूप. कुलूप लागलं की काही दिवसांनी आमचा फोन वाजायचा. आम्ही यंत्रं उचलून देणारी माणसं. कारखाना उभा राहताना आम्हाला बोलावल्याचं मला एकदाही आठवत नाही.

क्रेनने काही उचलायचं तर त्याचं वजन आधी माहीत हवं. यंत्रावर एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर वजन कोरलेलं असतं. पण ते कोरड्या यंत्राचं वजन. कंपनीतून निघालं तेव्हाचं. त्यानंतर त्याच्या पोटात काय काय भरलं जातं ते पट्टीला माहीत नसतं: हायड्रॉलिक तेल, गिअरचं तेल, डिझेल, थंड ठेवायचं पाणी. एखाद्या जुन्या प्रेसमध्ये तेलच टनाच्या वर असतं. शिवाय पातळ पदार्थ एका जागी बसत नाही. अर्धी भरलेली टाकी उचलली आणि जरा कलली, की सगळं तेल एका अंगाला धावतं आणि तोल तिकडे जातो. गच्च भरलेली टाकी त्यापेक्षा बरी. रिकामी सगळ्यात बरी.

ते वजन काढणं हे माझं काम. चौकोनी टाकी सोपी असते. लांबी, रुंदी, तेलाची उंची यांचा गुणाकार केला की लिटर मिळतात. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्यातून आठवा हिस्सा कमी केला की साधारण किलो. आडव्या गोल टाकीत फसगत होते. तिथे पाव उंचीपर्यंत तेल म्हणजे पाव टाकी नव्हे, कारण तळाशी टाकी निमुळती असते. आणि टाकीला तोंडच नसेल, किंवा गंजून बसलं असेल, तर ओलं फडकं. पत्रा उन्हात तापू द्यायचा आणि वरपासून खालपर्यंत ओल्या फडक्याने पुसायचा. रिकामा भाग जास्त तापलेला असतो, तो आधी वाळतो. तेलाचा भाग थोडा वेळ ओला राहतो. दोन्हींच्या मध्ये एक सरळ रेघ उमटते. आमच्याकडचं ऊन या एका कामाला फार चांगलं.

नेरला एका बंद जिनच्या जनरेटरवर मी अशी रेघ काढून दाखवली होती. मालक शपथेवर सांगत होते की टाकी कोरडी आहे. रेघ निम्म्याच्या वर आली. मालक रेघेकडे पाहत राहिले, मग शेडकडे तोंड करून ओरडले, “अबे गोपाल! तू तं मले रोज सांगत होता, डिझेल संपलं म्हनून!” मागच्या फाटकातून सायकल गेल्याचा आवाज आला.

आणि घाटंजीचे एक तेलगिरणीवाले. सरकीचं तेल निवळायची त्यांची टाकी. तेल काढून घेतलं, तोटी कोरडी झाली, त्यांनी टाकीला हात जोडले, “उचला.” मी वाकून आत पाहिलं तर तळाला गुडघाभर काळी मळी. मी भोयर काकांच्या कानात सांगितलं. काकांनी मोठ्याने सांगितलं. तेलगिरणीवाले म्हणाले, “ते तेल नाई हो, मळी हाय. मळीले काय वजन?” मळी तेलापेक्षा जड असते, आणि टाकी कलली की ती सगळी एकदम सरकते. तिघा माणसांनी आत उतरून ती फावड्याने काढली. संध्याकाळी त्याच मालकांनी आम्हाला जेवू घातलं. भाजीला तेल मात्र बेताचंच होतं.

“मी काकांच्या कानात सांगितलं,” असं वर लिहिलं, तीच आमची पद्धत होती. मला चारचौघांत बोलता यायचं नाही. लहानपणापासूनच. त्यात शाळा इंग्रजी माध्यमाची. आकडे डोक्यात इंग्रजीत यायचे, आणि एकोणसाठ की एकोणसत्तर या विचारात मी इतका वेळ घालवायचे की समोरचा माणूस दुसरीकडे बघायला लागायचा. आमचा क्रेन ऑपरेटर गजूभाऊ तर मुद्दाम विचारायचा, “मॅडम, मराठीत किती झाले?” म्हणून मी हिशोब करायचे, काकांच्या शेजारी जाऊन हळू सांगायचे, आणि काका तो आकडा सगळ्या शेडला ऐकवायचे. माझा आकडा, काकांचा आवाज. काकांना ते आवडायचं आणि मला सोयीचं होतं. माझ्या आकड्यावर उचललेलं एकही यंत्र पडलं नाही, ही गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नव्हती. इथे लिहिते आहे.

आता केळापूरचं.

त्या जिनची जमीन विकली गेली होती. रेचे, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रं, आधीच गेले होते. राहिला होता तो प्रेस. रुई दाबून तिची गठाण बांधणारं, दोन मजले उंचीचं, जुनं, भरभक्कम यंत्र. तेलंगणातल्या एका जिनवाल्याने तो घेतला होता. आणि प्रेसबरोबर, जमलं तर, रहीम मिस्त्रींनाही.

“जमलं तर” म्हणजे काय, ते मिस्त्रींनी मला त्याच पहिल्या दिवशी सांगितलं. मी टाकी मोजून पुढे आले तेव्हा हमाल उठून गेला होता. मिस्त्रींनी मला बसायला रुईच्या पोत्याकडे बोट केलं.

“त्याईची एकच अट हाय, बेटा. तिकडं प्रेस उभा केला की पयल्या दिवशी गठाण निघाली पाह्यजे. निघाली तं मी तिथला ऑपरेटर. खोलीबी देऊन राह्यले. नाई निघाली तं मी वापस.” ते हसले. “वापस कुठं, ते मले नको विचारू. या रस्त्यावरचे प्रेस तं तुह्या काकानंच उचलले सारे.”

ते रागावून बोलत नव्हते, तरी मी खाली पाहिलं.

मग त्यांनी मला प्रेस चालवून दाखवला. वीज अजून तोडलेली नव्हती. प्रेसच्या तळाशी, खड्ड्यात, दोन जाडजूड सिलिंडर. त्यांच्यात तेल शिरलं की आतला पोलादी दांडा, त्याला रॅम म्हणतात, वर सरकतो आणि वरच्या पेटीतली रुई दाबतो. दाब सोडला की रॅम स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि तेल परत शेजारच्या टाकीत येतं. मिस्त्रींनी बटण दाबलं. पंप घुमला, आणि तो चकचकीत दांडा कसलाही आवाज न करता वर चढत गेला. इतक्या कळकट शेडमध्ये तेवढी एकच वस्तू आरशासारखी होती.

“आता टाकीत काठी टाक.”

मी टाकली. तेल बरंच खाली गेलं होतं.

“कुठं गेलं?”

“सिलिंडरमध्ये,” मी म्हणाले. “रॅम वर आहे.”

“बस.” त्यांनी मान डोलावली. “तुह्याआधी एक साहेब आलते मोजाले. रॅम वर होता तवा टाकीत काठी टाकली अन् म्हने, मिस्त्री, तेल चोरीले गेलं.”

मी रॅमचा घेर मोजला, उंची मोजली. रॅम खाली असताना टाकीत आठ ड्रम तेल, रॅम वर असताना पाच. म्हणजे तीन ड्रम सिलिंडरांत. त्यांचं वजन सव्वापाच क्विंटलच्या आसपास. मिस्त्रींना मी ते त्यांच्या मापात सांगितलं. “तीन गठाणी, चाचा.” मी त्यांना चाचा म्हटल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं.

“तीन गठाणी,” ते म्हणाले. “मंग तेवढ्या आतच राहू दे.”

त्यांचं म्हणणं असं होतं. सिलिंडरच्या तोंडाशी रॅमभोवती जाड कड्या असतात, त्यांना पॅकिंग म्हणतात. तेल बाहेर येऊ न देणं हे त्यांचं काम. त्या इतकी वर्षं तेलात बुडून फुगलेल्या. सिलिंडर रिकामा करून उन्हाळाभर ठेवला की त्या आकसणार, चिरणार. त्या मापाच्या नव्या कुणी बनवत नव्हतं. कड्या गेल्या की दाब टिकत नाही, आणि दाब टिकला नाही की गठाण निघत नाही. तिकडची शेड अजून बांधून व्हायची होती. प्रेस उभा राहणार तो दसऱ्यानंतर. आणि एकदा रॅम खाली बसला की पंप-टाकी जोडून वीज मिळेपर्यंत तो पुन्हा वर करता येत नाही. म्हणून रॅम वर ठेवायचा, झडप बंद करायची आणि तेलासकट प्रेस न्यायचा.

माझं म्हणणं असं होतं. प्रेसभोवतीची जमीन पोकळ होती. खालून रुई ओढायचे बोगदे गेलेले. क्रेनचे पाय तिथे टेकता येत नव्हते. क्रेन लांब उभी करायची आणि हात लांबवून उचलायचं, एवढीच वाट. भरलेली बादली अंगाशी धरणं आणि हात ताणून धरणं यात जो फरक, तोच क्रेनलाही. तेवढ्या लांबीवर क्रेनला जेवढं झेपत होतं, ते कोरड्या प्रेसच्या वजनापेक्षा दोन गठाणींनी जास्त होतं. तेल तीन गठाणींचं. शिवाय प्रेस उभाच न्यायचा नव्हता, ट्रेलरवर आडवा करायचा होता. आडवा करताना ती झडप हलली असती तर रॅम सरकला असता आणि सगळा भार झोका खाऊन फिरला असता.

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. मी कितीतरी वेळा मनात तपासून पाहिलं आहे. कुठे चूक सापडली असती तर बरं झालं असतं.

मी काकांना हळूच विचारलं, नागपूरहून मोठी क्रेन आणता येईल का? काकांनी खरेदीदाराच्या माणसाला विचारलं. तो नाही म्हणाला. जमीन घेणाऱ्यांनी प्लॉटच्या खुणा ठोकायला सुरुवात केली होती, त्यांना शेड लगेच मोकळी हवी होती. मी पुन्हा विचारलं, कड्यांना ग्रीस भरून ठेवलं तर? काकांनी मिस्त्रींना विचारलं. मिस्त्रींनी उत्तर मला दिलं. “ग्रीसनं वरून ओली राह्यते, बेटा. आतून नाई.” पण नाही असंही ते म्हणाले नाहीत. शेवटी काकांनी निर्णय सांगितला. सगळं तेल काढायचं, कड्यांना ग्रीस भरायचं, प्रेस कोरडा उचलायचा. मिस्त्रींनी “जी” म्हटलं आणि पाना उचलला.

यानंतर काय झालं ते मी आधी सांगून टाकते, कारण मला शेवट दुसऱ्या ठिकाणी करायचा आहे.

प्रेस कोरडा उचलला गेला. ट्रेलरवर नीट आडवा झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दसऱ्यानंतर तिकडे तो उभा राहिला, पंप जोडला, मिस्त्रींनी बटण दाबलं. रॅम वर चढला आणि सगळ्यांच्या देखत हळूहळू खाली बसला. कड्यांतून तेल पाझरत होतं. मिस्त्री दोन दिवस खड्ड्यात उतरून खटपट करत राहिले. हे मला गजूभाऊने सांगितलं. तो दुसऱ्या कामासाठी तिकडे गेला होता. पुढे खरेदीदाराने बाहेरून माणसं बोलावून दोन्ही सिलिंडर बदलून घेतले. त्या माणसांनी स्वतःचा ऑपरेटर आणला. मिस्त्री परत आले.

त्यानंतर एकदाच मला ते भेटले, घाटंजीच्या बाजारात. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकलं होतं म्हणाले. माझ्या आईची चौकशी केली, मला “बारीक झाली, बेटा” म्हणाले, वांगी कुठे चांगली मिळतात ते सांगितलं. प्रेसचं नाव काढलं नाही. मी काढावं की काय, असा विचार करत मी उभी राहिले, तेवढ्यात त्यांची बस आली. खिडकीजवळ बसून त्यांनी हात हलवला. त्या हातांना तेव्हाही काळं तेल होतंच, पण ते मोटारीचं. प्रेसचं तेल सोनेरी असतं.

आता मी नागपूरला एका मोठ्या कंपनीत आहे. यंत्राचं मॉडेल टाकलं की संगणक ओलं वजन, कोरडं वजन दोन्ही सांगतो. तो कुणाच्या कानात सांगत नाही आणि कुणाला चाचाही म्हणत नाही. काकांनी दोन्ही क्रेन विकल्या. उचलायला काही उरलं नव्हतं. यवतमाळहून पांढरकवड्याला जाताना मी अजून खिडकीतून मोजते, हा जिन आपण उचलला, तो आपण उचलला. एका जागी लग्नाचं लॉन आहे, एका जागी नुसतेच खुणेचे दगड. मी ज्या ज्या यंत्राचं वजन बरोबर काढलं, ते ते जिल्ह्यातून गेलं.

तर उचलण्याच्या दिवसाकडे परत येते.

सकाळीच क्रेन लागली होती. शेडचे पत्रे उतरवलेले, त्यामुळे प्रेस उघड्यावर उभा होता, जरा परका वाटत होता. भोयर काका रस्त्यावर होते. लांब ट्रेलर वळवायचा म्हणून दोन्हीकडची वाहनं थांबवावी लागत होती, आणि ते काम त्यांच्या आवाजाचंच होतं. गजूभाऊ क्रेनमध्ये. इंजिन सुरू. पट्टे प्रेसच्या डोक्याला बांधून झालेले. उचललेलं यंत्र फिरू नये म्हणून खालून दोर धरायला चार माणसं लागतात. त्यांतला एक दोर रहीम मिस्त्रींनी मागून घेतला होता. प्रेसच्या सगळ्यात जवळचा.

“मिस्त्री, तुमी कायले? पोरं हायेत ना,” गजूभाऊ वरून म्हणाला.

“इतकी वर्षं मीच धरली गा तिले. आता जाताना कोनी दुसऱ्यानं धराव काय?”

हमाल हसले. ज्याने पहिल्या दिवशी माझी थट्टा केली होती तो म्हणाला, “मिस्त्री, वरातीत रडसान नाई तं!”

“तू रडशीन. तुले आता बिडी कोन देईन?”

मी भिंतीजवळ तेलाचे ड्रम लावले होते तिथे उभी होते. आदल्या संध्याकाळी तेल काढलं तेव्हा मी तिथे नव्हते, काकांबरोबर ट्रेलरची वाट बघायला गेले होते. मिस्त्रींनी एकट्याने काढलं होतं. टाकीचं खालचं बूच उघडंच होतं, त्यातून थेंबही येत नव्हता. सगळ्यांनी ते येता-जाता पाहिलं होतं. टाकी रिकामी म्हणजे तेल निघालं.

मी ड्रमवर बोटाने टकटक करत गेले. सवय, दुसरं काही नाही. भरलेला ड्रम बद्द वाजतो, रिकामा घुमतो. पहिला बद्द. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सहावा घुमला. सातवा घुमला. आठवाही.

मी प्रेसकडे पाहिलं. पेटीचं दार गठाण बांधायच्या तारेने घट्ट बांधलेलं होतं. काल ते नुसतं लोटलेलं होतं. दाराच्या फटीतून सकाळचं ऊन आत पडत होतं आणि आतून परत येत होतं. आरशावरून यावं तसं.

मग मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. मी ड्रम वाजवायला लागले तेव्हापासून पाहत असणार. चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता. पहिल्या दिवशी “कुठं गेलं?” असं विचारून ते उत्तराची वाट बघत होते, तसेच दिसत होते. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नाही, एवढंच.

त्या क्षणी माझ्या मनात काय काय आलं ते आज सांगता येईल, तेव्हा ते शब्दांत नव्हतं. क्रेन कागदावरच्यापेक्षा थोडं जास्त उचलतात, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. हिशोबात राखून ठेवलेला भाग असतो. झडप कदाचित हललीही नसती. प्रेस कदाचित तिकडे ओलाच पोचला असता, दसऱ्यानंतर रॅम वर चढून वरच राहिला असता, पहिल्या दिवशी गठाण निघाली असती. हे सगळं कदाचित. आणि दोर धरून सगळ्यात जवळ तेच उभे होते. काही झालं तर आपल्यावर व्हावं, दुसऱ्या कुणावर नको, असा त्यांचा हिशोब होता. पण दुसऱ्या तीन दोरांवरही माणसं होती, आणि वर गजूभाऊ होता. त्या चौघांना त्या तीन गठाणी माहीत नव्हत्या.

मी काकांना शोधलं. ते रस्त्यावर, दोन्ही हात पसरून एका एस.टी.ला थांबवत होते. मी हळूच सांगायला जाईन आणि ते मोठ्याने बोलतील, एवढा वेळ नव्हता. गजूभाऊने शिटी वाजवली. पट्टे ताठ झाले. प्रेसच्या डोक्याशी एक करकर आवाज आला.

माझा हात वर गेला. गजूभाऊला वाटलं मी खूण करते आहे. त्याने इंजिन जरा खाली आणलं आणि खिडकीतून डोकं काढलं.

“काय म्हनता मॅडम? जोरात बोला, ऐकू नाई येत!”

मिस्त्रींनी दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि जमिनीकडे पाहिलं.

“उचलू नका,” मी ओरडले. “रॅम वर आहे.”